बोरेज दर जुलैत आडवी का पडते: तीन उन्हाळे घालवून सापडलेलं कारण

बोरेज म्हणजे निळ्या चांदणीसारख्या फुलांची, पानं-फुलं दोन्ही खाता येणारी बागेतली वनस्पती. तिच्या दुखण्याची लक्षणं आधी सांगते. तुमचीही हीच असतील तर पुढे वाचा.

मे महिन्यात रोप तरारतं. जूनच्या मध्यावर, जेमतेम दोन विती उंची असतानाच, फुलं येतात आणि आपण खूश होतो. मग खालची पानं पिवळी पडतात. त्यांच्यावर कणीक भुरभुरल्यासारखी पांढरी भुरी दिसते. एखाद्या रात्री वादळी सर येते आणि सकाळी अख्खं झाड कमरेत मोडल्यासारखं आडवं झालेलं असतं. जुलै संपता संपता वाफ्यात उरतात ते काळपट, पोकळ देठ. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून तेच.

माझं सलग तीन वर्षं असं झालं. फ्रँकफर्टच्या कडेला आमचा एक क्लाइनगार्टन आहे, म्हणजे संस्थेकडून भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा. जर्मन कायद्याने असा तुकडा ४०० चौरस मीटरच्या वर असू नये म्हणतात. आमचा त्याच्या निम्माही नाही. पण या शहरात बाग करायची आणि बोरेज लावायची नाही, म्हणजे कोकणात घर असून न्हाणीच्या पाण्यावर अळू नाही, तशातली गत. इथली जी प्रसिद्ध ‘ग्र्यूने झोसे’, म्हणजे हिरवा सॉस, तिच्यात सात पाले लागतात: बोरेज, चर्व्हिल, क्रेस, पार्सली, पिंपिनेल, सॉरेल आणि चाइव्ह्ज. सगळे बारीक चिरून आंबटसर क्रीम-दह्यात कालवायचे आणि उकडलेल्या बटाट्यांवर, उकडलेल्या अंड्यांवर ओतायचं. सॉरेल हा आपल्या चुक्याचा सख्खा भाऊ, त्यामुळे पहिल्या घासाला चव ओळखीची वाटते. ओबरराड भागातले माळी पिढ्यानपिढ्या हे पाले पिकवत आले आहेत. सात पाल्यांसाठी सात वेगवेगळ्या हिरव्या छटांची चिमुकली काचघरं, असं एक स्मारकसुद्धा तिथे शेताच्या बाजूला उभं आहे. २०१६ पासून या जुडीला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या नाशिकच्या द्राक्षांना आहे तसं. सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा चाखून म्हणाल्या, “ही तर डाळीचं पीठ न लावलेली ताकातली पालेभाजी!” नावं ठेवली, पण दोनदा वाढून घेतली.

असो. मुद्दा बोरेजचा.

आधी खात्री करा, तुमच्याकडे बोरेजच आहे ना?

पुण्या-नाशिकच्या ओळखीच्यांकडून “माझ्या बोरेजला फुलंच येत नाहीत” म्हणून जे फोटो येतात, त्यातल्या निम्म्या फोटोंत पानओवा असतो. चूक त्यांची नाही. नर्सरीत पानओव्याच्या कुंडीवर ‘इंडियन बोरेज’ अशी पट्टी सर्रास असते. पानओव्याचं पान जाड, गुबगुबीत, कडेला कातरलेलं, ओव्याच्या वासाचं. फांदी खोचली की लागते आणि वर्षानुवर्षं जगते. तो तुळशी-पुदिन्याच्या कुळातला. त्याची भजी करा आणि सुखी राहा, हा लेख त्याच्यासाठी नाही.

खरी बोरेज भूमध्य समुद्राच्या काठची. एका हंगामात उगवते, फुलते, बी धरते आणि मरते. अंगभर पांढरी राठ लव, देठ जाड आणि पोकळ, पान चुरगळलं की ताज्या काकडीचा वास. जर्मन लोक तिला ‘गुर्केनक्राउट’ही म्हणतात, म्हणजे काकडीचा पाला. फूल पाच पाकळ्यांची निळी चांदणी, मध्ये परागकोशांचा काळा टोकदार सुळका, आणि मान खाली घातलेली. कळी आधी गुलाबी असते, उमलताना निळी होते. युनानी औषधांच्या दुकानात ‘गावजबान’ मिळतं, ते याच कुळातलं, पण भारतात त्या नावाखाली बहुधा ओनोस्मा नावाची वेगळी वनस्पती विकली जाते. फारसीत गावजबान म्हणजे गायीची जीभ. बोरेजच्या पानावरून बोट फिरवलंत की हे नाव का पडलं ते वेगळं सांगावं लागत नाही. कासच्या पठारावर पावसाळ्याच्या शेवटी दिसणारी निसुर्डीही याच गणगोतातली.

मी काय काय करून पाहिलं

पहिल्या वर्षी शनिवारच्या बाजारातून सहा रोपं आणली, चहाच्या कपाएवढ्या कुंड्यांतली. तळाच्या भोकातून पांढरं मूळ बाहेर डोकावत होतं. मला वाटलं, वा, काय जोमदार रोप आहे! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ती जुलैत गेली.

दुसऱ्या वर्षी मी दोष मातीला दिला. कुजवलेल्या घोड्याच्या लिदीची दोन पोती वाफ्यात घातली. बोरेजची पानं तळहाताहून मोठी झाली, मऊ, लुसलुशीत, पालकासारखी. फुलं मोजून दहाबारा. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसला, आणि जूनच्या पहिल्याच वादळात सगळं वाफ्याबाहेर लोळलं. तेव्हा मी वाऱ्याला दोष दिला.

तिसऱ्या वर्षी ठरवलं की खरी शत्रू भुरीच. दर रविवारी एक भाग दूध, नऊ भाग पाणी, अशी फवारणी. भोपळ्यावर हा उपाय बऱ्यापैकी चालतो. बोरेजच्या लवेवर मात्र थेंब मण्यांसारखे उभे राहतात, पानाच्या कातडीपर्यंत पोचतच नाहीत. भुरी होती तिथेच राहिली, वर आठवडाभर बागेत नासक्या दुधाचा वास. त्या वर्षी रोपं बाजारातून आणली नव्हती, मार्चमध्येच खिडकीत ट्रेमध्ये बी टाकून घरीच केली होती. स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी. तीच मूळ चूक घरच्या घरी केली होती, हे कळायला जुलैचा शेवट यावा लागला.

खडीतली बोरेज

आमच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत खडीची पायवाट आहे. खाली कडक मुरूम, वर बोटभर खडी. संस्थेचे लोक बाग तपासायला येणार म्हणून त्या शनिवारी मी वाट साफ करत होते. वाटेच्या कडेला एक बोरेज आपोआप उगवलेली होती, आदल्या वर्षीच्या बीची. तिला कुणी खत घातलं नव्हतं, झारीतून सांडलेलं असेल तेवढंच पाणी. माझ्या कमरेएवढी उंच, खोड मनगटाच्या निम्म्याने जाड, निळ्या फुलांनी लगडलेली, आणि भुंग्यांची नुसती गडबड. तिथून चार पावलांवर माझा खतावलेला, दूध पाजलेला वाफा मरून पडला होता.

ती उपटायला गेले तर हलेना. दोन्ही हातांनी ओढली तरी नाही. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, कुंपणावरून बघत होते. म्हणाले, “ती तुम्ही लावलेली नाही, म्हणून उभी आहे.” मला जरा टोचलंच. मग काटेरी फावडं घेऊन स्वतः आले, आधी वाफ्यातलं एक मेलेलं रोप उचकटलं आणि मुळावरची माती झटकून माझ्या हातात दिलं.

ट्रेमधून काढून वाफ्यात लावल्याला साडेतीन महिने झाले होते, आणि मुळाचा गोळा अजून चौकोनी होता. ट्रेच्या खणाच्या मापाचा, चारही कोपरे शाबूत. मधलं मूळ खाली जाऊन तळाला आपटलेलं, तिथून चकलीसारखं गोल फिरलेलं. गोळ्यातून चारसहा बारीक तंतू बाहेर आलेले, तेही आडवे, मातीच्या वरच्या थरात. मग त्यांनी खडीतली खणली. हातभर खोल गेल्यावर मूळ तुटलं, टोक हाती आलंच नाही. बोटाएवढं जाड, मुळ्यासारखं पांढरं, सरळ खाली.

तर कारण हे आहे

बोरेज सोटमुळाची आहे. बी रुजलं की पानांआधी मूळ खाली धावतं. बोटभर खोलीच्या ट्रेमध्ये ते दोनेक आठवड्यांत तळाला पोचतं आणि वळतं. वळलेलं सोटमूळ नंतर सरळ होत नाही. रोप मोकळ्या जमिनीत लावलं तरी पाणी प्यायला त्याच्याकडे तो एक गोळा आणि वरचे तंतू. मेपर्यंत वरची माती ओली असते, त्यामुळे सगळं छान दिसतं. जूनमध्ये वरचे चार इंच सुकायला लागतात, आणि एकाच हंगामाचं आयुष्य असलेलं झाड तहान लागली की एकच गोष्ट करतं: मिळेल त्या उंचीवर घाईघाईने फुलून बी धरतं. म्हणून दोन वितींवर फुलं. ज्याला आपण ‘लवकर बहर आला’ म्हणून मिरवतो, तो धोक्याचा पहिला भोंगा असतो. मग झाड जुन्या पानांतलं पाणी-अन्न ओढून बियांकडे पाठवतं, ती पानं पिवळी होतात, आणि भुरी अशाच दमलेल्या पानांवर फोफावते. सगळ्यात शेवटी वारा येतो. खाली धरून ठेवायला खुंटी नाही, वर पोकळ, पाण्याने जड देठ, ते पडणारच.

तीन वर्षं मी भुरीशी भांडत होते. ती बिचारी या सगळ्यात शेवटून दुसरी आलेली पाहुणी.

तुमच्याकडे हेच झालंय का ते बघायला एक रोप बळी द्या. उपटताना सहज हातात आलं आणि मुळाला कुंडीचा आकार असेल, तर पुढचं काही शोधत बसू नका. जोर लावावा लागला, मूळ सरळ असेल आणि तरीही झाड लोळत असेल, तर खत जास्त झालंय किंवा ऊन कमी पडतंय. दिवसाला सहा तास थेट ऊन नसेल तर बोरेज उंच, लुकडी आणि फिकी होते.

आता काय करते

बी जागेवरच टाकते. इथे एप्रिलच्या सुरुवातीपासून. ११ ते १५ मे हे ‘आइसहायलिगे’चे, म्हणजे थंडीच्या शेवटच्या फटक्याचे मानले जाणारे दिवस, तोवर इथे कुणी टोमॅटो बाहेर काढत नाही, बोरेजला मात्र एवढं थांबायची गरज नाही, पहाटेचं हलकं गोठलेलं दव ती सोसते. बी तीळापेक्षा बरंच मोठं, काळं-तपकिरी, सुरकुतलेलं असतं, हाताने सुटं टाकता येतं. एका ठिकाणी तीन बिया, एक ते दीड सेंटिमीटर खोल, आणि मातीने नीट झाकून, कारण उजेडात ते नीट रुजत नाही. माती १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर आठवड्या-दहा दिवसांत जाड, गोलसर, लव असलेल्या दोन पाकळ्या वर येतात. खरी पानं दोन झाली की एक रोप ठेवून बाकीची कात्रीने कापते. उपटत नाही, उपटताना शेजारणीचं मूळ हलतं. दोन झाडांत हातभर अंतर.

खत नाही. मागच्या हंगामात टोमॅटो किंवा कोबी होता त्या जागेत जे उरलं असेल ते पुरतं. पाणी रोज शिंपडत नाही, चारपाच दिवसांनी एकदा, पण वीतभर खाली ओल जाईल इतकं. रोजच्या शिंपडण्याने मूळ वरच रेंगाळतं, म्हणजे ट्रेमध्ये झालं तेच आपण जमिनीत करतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडते, त्याने बाजूचे फुटवे येतात आणि झाड बुटकं, पसरट राहतं.

बाजारातून रोप आणायचंच असेल तर सगळ्यात लहान, दोनच खरी पानं असलेलं, तळाच्या भोकातून काहीही न डोकावणारं निवडा. मोठं आणि फुललेलं रोप फुकट दिलं तरी घेऊ नका. घरीच आधी रुजवायचं असेल तर टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या लावून त्यात एकेक बी टाका आणि नळीचं तळ ओलं दिसायला लागलं की नळीसकट जमिनीत. आजोबांना हा प्रकार फारसा पटलेला नाही. “जमीन असताना पुठ्ठा कशाला?” हा त्यांचा प्रश्न, आणि मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मी उशिरा शिकले. नीट लावलेली बोरेजसुद्धा दोनअडीच महिन्यांनी थकतेच, ती तिची जात आहे. ऑगस्टमध्येही ताजी पानं-फुलं हवी असतील तर जुन्या झाडाला टॉनिक देण्यात अर्थ नाही. दर चार आठवड्यांनी चारसहा बिया नवीन टाकायच्या, एप्रिलपासून जुलैपर्यंत. पानांसाठीच हवी असेल तर दाट पेरा आणि मेथीसारखी वीतभर असतानाच कापा. ग्र्यूने झोसेत कोवळी पानंच जातात. मोठं पान चिरून कच्चं खाल्लंत तर घशाला काचेची लोकर अडकल्यासारखं होतं.

तरी भुरी आलीच तर

ऑगस्टच्या शेवटी थोडी येतेच. दिवसा कोरडं ऊन आणि रात्री दमट गारवा ही भुरीला आवडणारी हवा. इतर बुरश्यांसारखं पानावर पाणी साचण्याची तिला गरज लागत नाही. त्यामुळे ‘पानं ओली करू नका’ हा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. खालची पांढरी पानं काढून तपकिरी बायो-कचऱ्याच्या डब्यात टाकते, झाडांत वारा खेळेल एवढी जागा करते आणि निम्मं झाड छाटते. मूळ धड असेल तर दोन आठवड्यांत खालून कोवळे फुटवे येतात. गंधक वगैरे मारत नाही. जे फूल सकाळी तोडून दुपारी ताटात घालायचं, त्याच्यावर फवारा कशाला? भुरी असलेलं पानही खात नाही. शेजारच्या भोपळ्याला बोरेजची भुरी लागेल ही भीती मात्र सोडा. भुरीच्या जाती बहुतेक आपापलं कूळ धरून असतात. बोरेजची लागली तर तिच्याच कुळातल्या कंफ्रीला लागेल.

गोगलगायींबद्दल थोडक्यात: रोप दोन पानांचं असताना एका रात्रीत फस्त करतात. लव राठ झाली की फिरकत नाहीत. म्हणून पहिले दोन आठवडे प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापून टोपीसारखी घालते. मावा दिसला तर बोटांनी पुसायचा किंवा शेंडा खुडून टाकायचा. पानांत जाळं विणून बसलेली काटेरी सुरवंटं दिसली तर घाई करू नका, ती ‘पेंटेड लेडी’ फुलपाखराची असू शकतात. चार पानं त्यांची.

आडवी पडण्यावर तात्पुरता इलाज हवा असेल तर झाडाभोवती तीन काठ्या रोवून वीतभर, मग हातभर उंचीवर सुतळी फिरवा. एका देठाला एक काठी बांधू नका, देठ बांधलेल्या जागीच मोडतो.

फुलं तोडल्यावर काळवंडतात

ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि यात झाडाचा दोष नाही. फूल सकाळी, दव उडून गेल्यावर लगेच तोडा. आधी टिचकी मारा, आत भुंगा लटकलेला असतो. उलट्या लटकून पंखांचे स्नायू थरथरवत तो पराग झाडून घेतो आणि मधेच त्रास दिलेला त्याला आवडत नाही. मधला काळा सुळका चिमटीत धरून अलगद ओढलं की निळी चांदणी एकसंध हातात येते आणि मागचा केसाळ हिरवा पेला झाडावरच राहतो. पेल्यासकट खाल्लं की तोंडात टोचतं, आणि “खाण्याची फुलं कसली ही” म्हणणारे बहुतेक असंच खातात. तोडलेली फुलं गार पाण्यावर तरंगत ठेवा. कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवली तर दुपारपर्यंत शाई सांडलेल्या कागदासारखी दिसतात.

वरून घालायची ती अगदी शेवटी. लिंबू पिळलेल्या कोशिंबिरीत फूल मिसळलंत तर निळ्याचं गुलाबी होतं; गोकर्णाच्या चहात लिंबू पिळल्यावर होतं तसंच. बिघडलेलं नसतं, पण निळा रंग हवा असेल तर दह्या-ताकावर नुसतं तरंगत सोडा. आमच्याकडे उन्हाळ्यात मठ्ठ्याच्या प्रत्येक पेल्यावर एक असतं. बर्फाच्या साच्यात गोठवायचं तर साचा अर्धा भरून गोठवा, मग फूल, मग उरलेलं पाणी. एकदम भरलं की फूल वर येऊन काळं पडतं.

पानं शिजवली की लव विरघळल्यासारखी मऊ होते. स्पेनच्या आरागोन भागात बोरेजचे देठ सोलून बटाट्याबरोबर उकडतात आणि वरून ऑलिव्हचं तेल सोडतात. तिथेच पानं पिठात बुडवून, तळून, साखर पेरून खातात, क्रेस्पिल्योस नावाने. आमच्याकडे साखर नाही. डाळीचं पीठ, ओवा, हिरवी मिरची. पहिल्यांदा ही भजी केली तेव्हा घरच्यांना ओव्याच्या पानांचीच वाटली.

एक गोष्ट जी बियांच्या पाकिटावर लिहिलेली नसते

बोरेजमध्ये पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात. ती जास्त प्रमाणात, बराच काळ पोटात गेली तर यकृताला घातक असतात. युरोपीय संघाने यासाठी मर्यादाही घातली आहे: बाजारात विकल्या जाणाऱ्या ताज्या किंवा गोठवलेल्या बोरेजच्या पानांत किलोला ७५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नकोत. घरच्या बागेतली पानं कोणी मोजत नाही. म्हणून माझा नियम असा: हंगामात अधूनमधून झोसेत, कधी भजी, सणासुदीला फुलं; रोजची भाजी नाही, रोजचा काढा तर नाहीच. शिजवलं की संपलं, या भरवशावरही राहू नका. गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्यांनी आणि यकृताचं दुखणं असलेल्यांनी खाऊच नये. लहान मुलांना मी देत नाही. गुडघेदुखीवर ‘ऑरगॅनिक आहे’ म्हणून सकाळ-संध्याकाळ पानांचा रस पिणारे एक गृहस्थ मला भेटले होते. ऑरगॅनिकचा इथे काही संबंध नाही, ती द्रव्यं झाडच बनवतं.

आणि आपोआप उगवलेलं कोवळं रोप ओळख पटल्याशिवाय तोंडात घालू नका. इथल्या बागांत फॉक्सग्लोव्हही असाच कुठेही उगवतो, तोही लवदार, आणि तो हृदयावर परिणाम करणारं विष आहे. बोरेजची लव राठ आणि टोचरी, फॉक्सग्लोव्हची मखमली. काकडीचा वास आला नाही तर सोडून द्या.

पुण्याकडच्या गच्चीसाठी

कोथरूडला माझी मावसबहीण गच्चीवर बाग करते. तिने पहिल्यांदा गणपतीच्या आसपास पेरली. फोनवर म्हणाली, “ताई, उगवली सगळी, आणि आठ दिवसांत मानेत कुजून पडली.” परतीचा पाऊस आणि दमट ऊब यांत दुसरं काय होणार? पुढच्या खेपेला दिवाळीनंतर पेरली. जानेवारीच्या सुरुवातीला फुलं आली, सातेरी माश्या गच्चीवर येऊ लागल्या, आणि मार्चच्या कडक उन्हात झाडं सुकली. तिथे बोरेज हे हिवाळी पीक धरा, हरभऱ्यासारखं. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, दोन-तीन खेपांत बी टाका आणि मार्चनंतर तिचा नाद सोडा.

कुंडी उथळ नको. १५ इंच खोल ग्रो बॅग असेल तर उत्तम, फुटाच्या आतली घेऊच नका, आणि एका बॅगेत एकच झाड. गच्चीवाल्यांची आवडती नुसतं कोकोपीट आणि गांडूळखत ही भर इथे उलटते: गांडूळखताने पानांचा माज होतो, आणि कोकोपीट एकदा कोरडं पडलं की पाणी कडेने वाहून जातं, मधला गोळा तहानलेलाच. निम्म्याहून जास्त साधी माती, थोडी जाड वाळू, मूठभर जुनं शेणखत, बस.

बी इथून पाकिटात घालून पाठव, असं ती म्हणाली होती. तसं करता येत नाही. भारतात बी आणायला आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं. तिथेच ऑनलाइन घ्या, फक्त पाकिटावर ‘बोरागो ऑफिसिनॅलिस’ लिहिलंय ना ते बघा. ‘कोलियस’ किंवा ‘प्लेक्ट्रॅन्थस’ लिहिलं असेल तर तो पुन्हा पानओवा.

एकदा झाड झालं की बी विकत घ्यावं लागत नाही, पण ते धरायला जमावं लागतं. एका फुलात चार दाणे, पिकले की न सांगता गळतात, आणि मुंग्या त्यांच्या टोकाचा मऊ ठिपका खाण्यासाठी ते ओढून नेतात. माझ्या खडीच्या वाटेत बोरेज कशी पोचली याचं कोडं असं सुटलं. आता पहिली बी काळी दिसली की झाडाखाली जुनी सुती ओढणी अंथरते आणि दोन दिवसांनी सकाळी झटकते. जी मुंग्या नेतात ती नेतात. वाटेतली रोपं मी आता उपटत नाही. यंदा तपासायला आलेल्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, मग वाकून एक फूल तोडलं, तेही काळा सुळका बरोबर चिमटीत धरून.